उल्कावीरचा बाप अंक सातमध्ये वारला आहे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.१०, कंपनीच्या बसमध्ये
आजपासून रोजनिशी. नियम दोनच. एक, खरं तेच लिहायचं. दोन, खाडाखोड नाही. दुरुस्ती करायची झाली तर तारीख, कारण आणि खाली सही. भोसरीत दहा आणि चाकणला एकोणीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोल बघतोय. ड्रॉइंगवरची रेघ कोणी हलवली, कधी हलवली, का हलवली, ते माझ्या रजिस्टरमध्ये सापडतंच. स्वतःला वेगळा नियम कशाला.

घरची स्थिती: सौ. ठीक. मुलगी वर्षाली हिंजवडीला आयटीत, मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. दिवाळीपासून तळवड्याला घरी येणं झालेलं नाही. प्रोजेक्टचा लोड. मी समजून घेतो.

शेजारच्या सीटवर क्वालिटीतला समाधान. वहीत तिरकं बघत होता. वही मिटली.

६ फेब्रुवारी, गुरुवार, साप्ताहिक सुट्टी
उल्कावीरचा ४५८ वा अंक आला. जानेवारी १९८७ पासून दर महिन्याला एक अंक, आणि मी पहिल्यापासून वाचक. तेव्हा बार्शीत शाळेत होतो. सगळे अंक कपाटात आहेत. सोबत मास्टर लिस्ट: कोण कधी जन्मलं, कोण कुठल्या पानावर मेलं, मुखवटा निळ्याचा काळा कधी झाला. लेखक बदलतात, मास्टर लिस्ट बदलत नाही. उल्कावीरची आत्या अंक ८८ मध्ये वारली आणि २०३ मध्ये परत वारली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात ते एकट्या माझ्या लक्षात आलं. मीच पत्र टाकलं की बाबांनो, जुळी बहीण दाखवा आणि मोकळे व्हा. दाखवली. अंक २१०, पान ३२ वर माझं पत्र आहे. नाव चुकीचं छापलंय, पण मीच.

तर आजचा अंक. शेवटच्या चौकटीत उल्कावीर तिसऱ्या मजल्यावरची एक बेल वाजवतो. दार उघडतं. आत लुंगीतला म्हातारा. उल्कावीर म्हणतो, बाबा.

बाबा अंक ७, पान १४ वर धरणाच्या पाण्यात वाहून गेलेला आहे. सात पोरं वाचवून. अडतीस वर्षं मेलेला माणूस लुंगी नेसून दार उघडतो म्हणजे काय चाललंय काय. लेखकाचं नावही नाही, नुसतं ‘झुंबर टीम’. टीम म्हणजे कोणीतरी एक जण लपतोय.

सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, जिवंत आहे तर चांगलंच आहे की. हिला कथेतलं काही कळत नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी १.१५, जेवणाची सुट्टी
झुंबर प्रकाशनाला एट-डी पाठवला. पार्ट चुकीचा आला की सप्लायरकडून आम्ही भरून घेतो तो आठ रकान्यांचा फॉर्म. चूक काय, कुठे सापडली, मूळ कारण काय (पाच वेळा ‘का’ विचारून शोधा), परत होऊ नये म्हणून काय केलं. सात दिवसांत उत्तर. साधं पत्र कचऱ्यात जातं. रकाने बघितले की माणूस घाबरतो.

कंपनीचा कागद वापरला नाही.

११ फेब्रुवारी
दुरुस्ती: वापरला. दोन पानं. कारण: घरी प्रिंटर नाही. सही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
उत्तर आलं. आठही रकाने भरलेले. मूळ कारण असं लिहिलंय:

बाप जिवंत का? कारण तो मेलाच नव्हता.
मग मेला असं का छापलं? कारण उल्कावीरनं लोकांना तसं सांगितलं होतं.
का सांगितलं? खरं सांगायची लाज वाटली.
लाज का? बापानं दार लावून घेतलं होतं.
का लावलं? तपास चालू आहे.

खाली टीप, की अशा बदलाला रेटकॉन म्हणतात आणि जगभर चालतो. मागच्या तारखेनं ड्रॉइंग बदलायचं आणि त्याला इंग्लिश नाव द्यायचं. आमच्याकडे याला मेमो मिळतो.

पण मला खटकलं ते वेगळंच. सहावा रकाना त्यांना लागू नव्हता. तो रिकामा सोडला नाही, नुसती आडवी रेघही मारली नाही. ‘लागू नाही’ लिहून, पुढे कारण देऊन, बारीक सही केली. ही पद्धत फक्त माझी. मी शिकवल्याशिवाय कोणाला येत नाही. म्हणजे लेखक माझ्या हाताखालून गेलेला आहे.

यादी केली. कंपनीत एकेचाळीस जणांना शिकवलं, त्यातले सत्तावीस सोडून गेले. बारावीत गणिताला मार्क कमी पडले तेव्हा वर्षालीकडूनही एक एट-डी भरून घेतला होता. छान भरला होता, पाचव्या ‘का’पाशी रडली तेवढंच. तिला यादीत धरलं नाही. तिला कुठला वेळ.

संशयित क्रमांक एक: समाधान. मीटिंगमध्ये पॅडवर सारखी चित्रं काढत असतो.

२५ फेब्रुवारी
समाधानच्या टेबलावरून दोनदा गेलो. चित्रं नटबोल्टची आहेत. इतका सावध माणूस मी बघितला नाही.

कँटीनमध्ये मॅनेजर साहेबांनी विचारलं, लेक काय म्हणते. मी म्हटलं, जर्मनीला आहे, स्टुटगार्टला, कंपनीनंच पाठवलं. सहज तोंडातून गेलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. समाधाननं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आमटी ओरपत बसला. त्याला अभिनंदन करायला काय झालं होतं?

३ फेब्रुवारीच्या नोंदीत दुरुस्ती: ‘आयटीत’च्या जागी ‘आयटीत होती’ असं वाचावं. ऑक्टोबरात नोकरी सोडली. कारण: माहिती उशिरा समाविष्ट. सही.

६ मार्च, गुरुवार
अंक ४५९. आता हद्द झाली. बाप स्टुलावर चढून बल्ब बदलतो, आणि लावायच्या आधी त्यावर मार्करनं तारीख लिहितो.

हे मी करतो. बल्ब, साबण, टूथब्रश, गॅसचा सिलिंडर. त्याशिवाय वस्तू किती टिकली ते कळणार कसं? म्हणजे बापाला शिस्तीचा दाखवलाय, ते चांगलंच केलं, पण चेहरा उगाच चिडका काढलाय. स्टुलावरून उतरताना कोणी हात दिला तर तो झटकतो, तेही उगाचच.

समाधान २०२२ साली सत्यनारायणाला घरी आला होता. जाताना हात धुवायला बाथरूममध्ये गेला होता. साबण तेव्हाच बघून ठेवला असणार. तीन वर्षं पोटात ठेवली गोष्ट.

१८ मार्च
डिपार्टमेंटनं जीव खाल्ला, जर्मनीचं चॉकलेट कधी. गुरुवारी पुनावळ्याला जाऊन मोठ्या दुकानातून विदेशी चॉकलेटं आणली. मागे भिवंडीच्या आयात करणाऱ्याच्या पत्त्याचं स्टिकर असतं. ब्लेडनं एकेक खरवडून काढलं, दोन तास गेले. आज वाटली. सगळे खूश.

एका पुडीवरचं स्टिकर राहिलं होतं. ती नेमकी समाधानच्या हातात. त्यानं नखानं सोलून काढलं, गोळी केली आणि खिशात घातली. पुरावा जमा करतोय.

दुरुस्ती, दिवाळीबाबत: प्रोजेक्टचा लोड हे कारण अपुरं आहे. पाडव्याला नोकरीवरून थोडी चर्चा झाली होती. मी माझे मुद्दे शांतपणे मांडले. तिला पटले. सही.

२ एप्रिल
सापळा लावला. समाधानला एकट्यालाच सांगितलं की मी रोज पहाटे शीर्षासन करतो. करत नाही. आता अंकात बाप उलटा दिसला की चोर सापडला. समाधान म्हणाला, सर, या वयात नका करू, मानेला लई वाईट. काळजी दाखवतोय.

१० एप्रिल, गुरुवार
अंक ४६०. शीर्षासन नाही.

त्याऐवजी पान ११. बाप दर गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत उभा राहून कुंडीला पाणी घालतो आणि बसस्टॉपकडे बघतो. पाणी घालून होतं, तरी बघतो. कुंडीत रोप नाही.

हे माझ्यावर नाही. आमच्या कुंडीतही सध्या रोप नाही हा योगायोग आहे. ते जानेवारीत गेलं. पाणी घालायची सवय राहिली एवढंच. आणि बसस्टॉप गॅलरीच्या समोरच आहे, तो न बघता पाणी घालायचं तर डोळे मिटून घालावं लागेल.

पण समाधानला ही गॅलरी माहीत नाही. मग कोणाला माहीत? खाली बाकावर यशवंतराव बसतात. ज्यांच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी राहिली ते. लगेच खाली गेलो, सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, व्हय, बघतो की, दर गुरवारी तुमचं पाणी माझ्या टोपीवर पडतंय. पुढे विचारलं, कुणाची वाट बघताय, पोरीची का? मग करा की फोन. पोटची लेक हाय, तिला फोन केल्यानं काय इज्जत जाती व्हय.

मी म्हटलं, ती जर्मनीला आहे. ते म्हणाले, न्हाई वो, परवा तर मी तिला मारुंजीत बघितली, सोयऱ्याकडं गेल्तो तवा. दुधाची पिशवी घिऊन चालली व्हती. वाळलीय.

संशयित क्रमांक दोन: यशवंतराव. पण त्यांचं उभ्या आयुष्यातलं लिखाण म्हणजे खरेदीखतावरची सही. वगळले.

वाळलीय म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल, गुरुवार
मास्टर लिस्ट घेऊन बसलो. नवीन लेखकाचे सगळे अंक परत तपासले. चुका शोधायच्या होत्या. एकही नाही. आत्याची जुळी बहीणसुद्धा बरोबर वयाची. माणूस अंक एकपासून वाचून बसलाय. ४६० अंकांचा पूर्ण संच माझ्या माहितीत प्रकाशकाकडे आहे आणि माझ्या कपाटात आहे. वर्षाली लहानपणी याच कपाटाशी बसून वाचायची, मी पानं मोजून द्यायचो.

कपाटाला कुलूप लावलं.

२४ एप्रिल, गुरुवार
संशयित क्रमांक तीन. लिहायला हात धजत नाही, पण नियम म्हणजे नियम. सौ.

रोज दुपारी साडेचारला स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर बोलते. सुट्टीमुळे आज ऐकायला मिळालं. कुकरची शिट्टी मध्ये येत होती. एवढं कळलं की ‘ते’ हा शब्द बारा वेळा आला. ‘ते’ म्हणजे मी.

८ मे, गुरुवार
अंक ४६१. पूर्ण अंक दारातच. उल्कावीर उंबऱ्याबाहेर, मुखवटा हातात. बाप आत. शेवटच्या चौकटीत बापाचं तोंड उघडलेलं, वरचा फुगा रिकामा. पुढील अंकी. फुग्यात छापायचं राहिलं असं समजून एट-डी काढला होता, पण आधी सौ.ला धारेवर धरायचं ठरवलं.

साडेचारला दार ढकलून आत गेलो आणि म्हटलं, घरातली माहिती बाहेर जाते आहे. तिनं गॅस बारीक केला, फोन कानालाच. मग म्हणाली, हो, जाते. मी सांगते. रोज सांगते. कारण तिला रोज विचारायचं असतं की अप्पा जेवले का, अप्पांची बीपीची गोळी झाली का, आणि तुम्हाला फोन करायची तिची छाती होत नाही. उल्कावीर तीच लिहितेय, गेल्या सहा अंकांपासून. मी तिला विचारलं होतं, का गं बाई, तुला दुसरं काही लिहिता आलं नसतं? तर म्हणाली, अप्पा दुसरं काही वाचतात का?

फोन चालूच होता. मी गॅलरीत आलो.

९ मे
सर्वसाधारण दुरुस्ती, सर्व नोंदींना लागू: लेखिका कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समाधान आणि इतरांवरचा संशय हा तपासाचा भाग होता. कारण: तिला मोकळेपणी काम करता यावं. सही.

९ मे, संध्याकाळी
वरची दुरुस्ती रद्द. मला माहीत नव्हतं. सही.

१२ मे
बसमध्ये समाधानला सांगून टाकलं की वर्षाली जर्मनीला नाही. तो म्हणाला, माहितंय की सर. माझा मेव्हणा त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मार्चमध्ये साहेबांनी मला विचारलं होतं, खरंच गेली का रे. मी म्हणलं, गेली, फोटो बघितलेत. तुम्ही सांगितलं जर्मनी, मग मी म्हणलं जर्मनी. तुमचं तोंड खाली जायला नको.

स्टिकरसुद्धा त्यानं त्याचसाठी खिशात घातलं होतं. चांगला मुलगा आहे. मी म्हणतच होतो.

१५ मे, गुरुवार
प्लॅन: मारुंजीला जायचं. हापूसची पेटी. दार उघडलं की मोठ्या मनानं म्हणायचं, चल घरी. पाच मिनिटांचं काम. सौ.ला म्हटलं, संध्याकाळच्या चार पोळ्या जास्त कर. तिनं कणीक जास्त भिजवली.

संध्याकाळी ७.४०
बिल्डिंगच्या गेटवर रजिस्टर. नाव लिहिलं. कोणाकडे, लिहिलं. नातं, वडील. पुढचा रकाना ‘येण्याचं कारण’. तिथं पेन थांबलं. वॉचमन म्हणाला, काका, काहीही टाका, कोण बघतंय. काहीही कसं टाकणार? पानांना नंबर नव्हते, बाहेर जायच्या वेळेचा रकाना नव्हता, मागच्या तीन लोकांनी कारणात नुसत्या टिंबांची रांग मारली होती. त्याला समजावून सांगितलं. पुढच्या वीस पानांवर पट्टीनं रकाने आखून दिले, नंबर घातले. पाऊण तास लागला. तो आभारी होता.

मग पाच पन्नासची परतीची बस सुटली असती, म्हणून वर न जाताच निघालो.

चार पोळ्या उरल्या. आंब्याच्या पेटीवर आजची तारीख घातली आहे.

१७ मे, शनिवार
सौ.नं निरोप आणला. वर्षाली अंक ४६२ वर अडली आहे. पोरगा दारात उभा आहे आणि बाप काय बोलेल, हे तिला काही केल्या सुचत नाही. नऊ वेळा लिहून फाडलं. अप्पांना विचार म्हणाली, त्यांना माहीत असेल. अंक सोमवारी छपाईला जातो.

अखेर प्रकाशनानं अधिकृत सल्ला मागितला. उद्यापर्यंत किमान दहा पर्याय देतो.

१८ मे, रविवार, सुट्टी टाकली
पर्याय:
१. इतक्या दिवसांनी आठवण झाली?
२. चपला बाहेर काढ.
३. तुझ्या आईनं डोळ्यात प्राण आणले होते.
४. मी काही म्हटलंच नव्हतं, तूच उठून गेलीस.

चौथं खोटं आहे. शेवटची दुरुस्ती, दिवाळीबाबत. चर्चा झाली नाही. पाडव्याला ती ताटावर बसली होती. नोकरी सोडली म्हणाली, चित्रकथा लिहिणार म्हणाली. मी म्हटलं, मग या घरात तुझं काम नाही. ती भरल्या ताटावरून उठली. सौ. हात धरत होती. ती बाहेर पडल्यावर दार मी लावलं, वरची कडीसुद्धा. कारण: कंपनीत लोकांना काय सांगू, हे पहिलं डोक्यात आलं. ती नव्हती डोक्यात. सही.

५ ते ११ लिहिले. वाचून बघितले. सगळ्यांत मीच बरोबर आहे. सगळे फाडले.

दुपारी २.१०
एक वाक्य मोबाइलवर टाइप केलं. तीन वेळा पुसलं. यशवंतराव खालून ओरडत होते की आज गुरवार न्हाई तरी पाणी गळतंय. चौथ्यांदा टाइप केलं आणि पाठवून टाकलं. सात महिन्यांत पहिला मेसेज.

जेवलीस का?

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग कितीतरी वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं. सौ. दारात येऊन उभी राहिली.

दुपारी २.५५
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो:

अप्पा, वाक्य मिळालं. दोनदा वाचलं. पण अंकात घेता येणार नाही. हा बाप असं विचारणारा नाही. गेल्या चार अंकांत तो असं कोणाला विचारताना दिसलेला नाही, त्याआधी तर तो मेलेलाच होता. एकदम विचारायला लागला तर वाचकांना पटणार नाही, पत्रं येतील. तुम्हीच शिकवलंय.

मास्टर लिस्ट काढून तपासलं. तिचा मुद्दा बरोबर आहे. हरकत नोंदवता येत नाही.

जेवली का, ते मात्र तिनं लिहिलेलं नाही.